केलेल्या कामाची नोंद कोण देणार?

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत स्थायी निवासाच्या अर्जाचे निमंत्रण आले की सारी कागदपत्रे भरायला 60 दिवस मिळतात. ज्या ज्या नोकरीच्या अनुभवाचे गुण मागितले, तिथल्या मालकाचे पत्र त्यात लागते. लेटरहेड, जबाबदार माणसाची सही, हुद्दा, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, प्रत्यक्ष काम, आठवड्याचे तास, वार्षिक पगार. माणसाने काय केले, किती वेळ केले आणि त्याचे किती दाम मिळाले, एवढेच त्या देशाला जाणून घ्यायचे आहे. आणि एवढे खरे लिहून देताना आपल्या मालकवर्गाचा हात थरथरतो!

मोठ्या कंपन्या धोरणाकडे बोट दाखवतात आणि हुद्दा व तारखांवर बोळवण करतात. कामाचे वर्णन नसलेल्या पत्रावरून तिकडच्या अधिकाऱ्याने अनुभव कसा पारखावा? लहान जागी तर याहून वाईट. खासगी रुग्णालयातली परिचारिका बारा तासांची पाळी करते, पगार रोख घेते, नेमणूकपत्र तिने कधी पाहिलेले नसते. तिचे खरे तास लिहून देणे म्हणजे डॉक्टरसाहेबांनी स्वतःविरुद्धच साक्ष देणे. विनाअनुदानित शाळांत पूर्ण पगारावर सही करून निम्म्यावर घरी जाणाऱ्या शिक्षिका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्या पत्रात कोणता आकडा घालायचा? सहीचा की हातात पडलेला? कॅनडाने तो विचारण्याआधी आपण एकदा तरी विचारला होता का?

कायम कामगाराला नोकरी संपताना सेवा प्रमाणपत्राचा हक्क आहे, असे 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांतच लिहिलेले होते. तरी आजही पदवीधर माणूस त्या कागदासाठी साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळतो. नोकरी सोडणारा आपल्याकडे खाल्ल्या मिठाला न जागणारा ठरतो. परदेशी जायचा विचार कळला की बढती थांबते, चांगले काम दुसऱ्याकडे जाते. म्हणून तो गप्प राहतो, किंवा गृहकर्जासाठी पत्र हवे अशी थाप मारतो. सरळ माणसाला खोटे बोलायला लावणारी ही व्यवस्था आहे, आणि तिला आपण शिस्त म्हणतो.

या गप्प राहण्यातून पुढचे पाप जन्मते. मुदत संपत आली की मामाच्या फर्मचे लेटरहेड निघते, एजंट पैसे घेऊन हवा तो अनुभव छापून देतो, आणि घरातली वडीलधारी माणसे त्याला मुलाला केलेली मदत म्हणतात. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर कॅनडाचा कायदा 5 वर्षे दार बंद करतो. शिक्षा मुलगा भोगतो. शिक्का मारणारा मामा लग्नकार्यात मानाने मिरवतो.

जे जाऊ इच्छितात त्यांनी निमंत्रणाची वाट पाहूच नये. अनेक आयटी कंपन्यांत नोटिशीचाच काळ तीन महिन्यांचा असतो. 60 दिवसांत कोणाकोणाला गाठणार? आपले काम ओळखणारा साहेब जागेवर आहे तोवर, हुद्दा बदलला की त्याच आठवड्यात, नोकरी सोडताना शेवटच्या दिवसाआधी पत्र मागावे. कंपन्या बंद पडतात, विकल्या जातात, सही करणारी माणसे निघून जातात. पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, बँकेचे उतारे जपावेत. मालकाने पत्र नाकारलेच, तर कारण स्पष्ट लिहून हे पुरावे जोडता येतात. त्यांनी काम भागेलच असे नाही, पण ते खरे असतात.

पण सारा भार मागणाऱ्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. संस्थाचालकांनो, रुग्णालयांच्या मालकांनो, नोकरी सोडणाऱ्या मुलीच्या हाती शेवटच्या पगाराबरोबर हे पत्र न मागता द्या. तिने भरलेले तास आणि तिला दिलेली रक्कम त्यात जशीच्या तशी लिहा. लिहायला लाज वाटत असेल, तर या महिन्यापासून तास कमी करा आणि पगार पूर्ण द्या.