निर्णय आणि त्याचे फळ

नायगावच्या खाडीकाठी मिठागरांचा धंदा आता पूर्वीइतका राहिलेला नाही. तथापि वैशाखाच्या अखेरीस ढग जमू लागले म्हणजे आगरवाल्यापुढे जो पेच उभा राहतो, तो आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. मीठ आजच ओढून रास झाकावी, की आणखी चार दिवस ऊन खाऊ द्यावे? समजा, रास झाकली आणि पाऊस आला नाही, तर वाढीव ४ गोणींस मुकावे लागते. थांबल्यावर पाऊस आला, तर २० गोणी विरघळतात. असे ढग १० वेळा येऊन ३ वेळाच बरसले, तरी नेहमी थांबणाऱ्याच्या ६० गोणी जातात, नेहमी झाकणाऱ्याच्या अवघ्या २८. पाऊस न येण्याचाच संभव अधिक, तरीही झाकणे शहाणपणाचे! मात्र उरलेल्या ७ वेळा शेजारी त्यास भित्रा म्हणून हसणार, हे ठरलेलेच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड-श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. इशारा पालघर जिल्ह्यासही होता; पण आपला किनारा बराचसा बचावला. तेव्हा वेधशाळेने उगाच घाबरविले, असे म्हणणे आमच्या मते उफराटा न्याय होय. होड्या ओढून घेण्याचा निर्णय वादळापूर्वीच्या माहितीवर तोलावयाचा, मागाहून कळलेल्या गोष्टींवर नव्हे. पुढल्याच वर्षी तौक्ते वादळ किनाऱ्यावर चढले ते गुजरातेत; तरी १७ मे २०२१ रोजी समुद्रातून जाता जाता त्याने कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत नेला आणि वसईच्या केळीबागांचीही नासधूस केली. आदल्या वर्षीच्या सुटकेवरून ज्याने अनुमान बांधले असेल, त्याने दहांतील एकच ढग पाहिला होता.

पालकांसही एक विनंती. अर्धे पुस्तक टाकून दिलेल्या मुलास नेमके वाचलेलेच प्रश्न आले, तर त्याची पाठ थोपटू नये. (असे थोपटणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत!)

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक अपयशाचे खापर दैवावर फोडता येईल. ही शंका रास्त आहे. म्हणूनच निर्णय घेतेवेळी त्याची कारणे तारखेसह वहीत लिहावीत, आणि अंदाज खरा ठरला की खोटा, ते पुढे शेजारी मांडावे. वर्षाअखेर वीस-पंचवीस नोंदी जमल्या, की आपण दहांपैकी कितीदा ढग ओळखला ते दिसू लागेल. आगरावरची जुनी माणसे हा हिशेब वहीवाचूनच ठेवीत.