विषाणूचा नकाशा आणि कोयत्याचा रस्ता

साथ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न 'कुणी आणली?' हाच असतो. आणि उत्तर आधीच ठरलेलं असतं: जो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आला त्याने. मी बीड जिल्ह्यातल्या अशा गावचा आहे, जिथून दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं. पुण्यात कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे या उत्तराशी माझं जुनं भांडण आहे.

आधी विज्ञान बघू. जेसी नावाचा एक विषाणू आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडात तो गुपचूप राहतो, शक्यतो त्रास देत नाही. लहानपणी, बऱ्याचदा घरातल्याच माणसांकडून मिळतो. त्याचे जिनोटाइप, म्हणजे जनुकीय प्रकार, प्रदेशानुसार बदलतात: युरोपात वेगळे, आफ्रिकेत वेगळे, आशियात वेगळे. १९९७ साली अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या लघवीत सापडलेला प्रकार आशियाई निघाला. हजारो वर्षांपूर्वी बेरिंगच्या वाटेने आशियातून अमेरिकेत गेलेल्या माणसांची खूण विषाणूत सापडली, म्हणून सगळे हरखले.

पण २००६ साली काही संशोधकांनी विषाणूची वंशावळ आणि माणसांची वंशावळ शेजारी ठेवून संख्याशास्त्राने तपासली. दोन्ही झाडं हवी तशी जुळेनात. म्हणजे विषाणू कधी आईबापांकडून येतो, कधी शेजाऱ्याकडून. त्याचा प्रवास माणसाच्या प्रवासाशी जोडलेला असतो, पण दोन्हींचा रस्ता एकच असेल असं नाही.

आमच्या धंद्यात गिट नावाचं साधन आहे. कोडमधली प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणारी त्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. नवीन पोरं ती चालवतात आणि जे नाव दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. जुन्यांना ठाऊक असतं की त्या माणसाने फक्त मोकळ्या जागा नीट केल्या असतील, चूक कधीची दुसऱ्याचीच असेल. विषाणूची वंशावळ आपण याच उतावळेपणाने वाचतो.

२०२० आठवा. पुण्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला सापडले, ते दुबईहून परतलेले होते. विषाणू विमानाने आला होता. पण एप्रिलमध्ये संशयित कोण होतं? साखर कारखान्यांच्या आवारात आणि फडावर अडकलेले ऊसतोड कामगार. सव्वा लाखाच्या वर माणसं बायकापोरांसह कोप्यांत बसून होती. १७ एप्रिलला सरकारने त्यांना आरोग्य तपासणी करून घरी जाऊ द्यायचं ठरवलं, तेव्हा माझ्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आता हे लोक गावोगाव पसरवणार' असा मेसेज आला. पाठवणारा त्याच फेब्रुवारीत परदेशवारी करून आला होता.

पुढे भारतात सापडलेल्या बी.१.६१७.२ प्रकाराला जग 'इंडियन व्हेरिएंट' म्हणू लागलं तेव्हा आपण सगळे चिडलो, आणि ते बरोबरच होतं. ठिकाणाच्या नावाने कलंक लागतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी त्याला 'डेल्टा' म्हटलं. देशाला दिलेला हा न्याय आपण जिल्ह्याला का देत नाही?

अजून एक. जिनोमचा नकाशा हा आधी प्रयोगशाळांचा नकाशा असतो. डिसेंबर २०२० मध्ये देशाने जिनोम तपासणीचं जाळं उभारलं तेव्हा त्यात दहा प्रयोगशाळा होत्या. महाराष्ट्रातल्या दोन, दोन्ही पुण्यात. जिथे नमुने जास्त तपासले जातात तिथे नवे प्रकार जास्त सापडतात. लॉग नाही म्हणजे घटना घडली नाही, असं कुठलाही इंजिनिअर म्हणणार नाही.

कुणी म्हणेल, मग स्थलांतराचा अभ्यासच करू नये का? करावा, नक्की करावा. गोवर, कावीळ, क्षय हे सगळे माणसांबरोबर फिरतात. पण अभ्यास कशासाठी, हे आधी ठरवा. कोणत्या टोळीने किती उचल घेतली, कोणता कोयता कोणत्या कारखान्याला गेला, हे मुकादमाच्या वहीत पैशापैशाने लिहिलेलं असतं. त्या कोयत्याबरोबर गेलेल्या पोराचा गोवराचा दुसरा डोस राहिलाय, हे मात्र फडाजवळच्या आरोग्य केंद्राला कळत नाही. आणि मोजता येत नाही असंही नाही. २०१९ मध्ये ओरड झाली तेव्हा सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती काढली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लसीची नोंद गावाला नको, माणसाला बांधा. ती कोपीपर्यंत पोचू द्या. फडावर तपासणी करा ती इलाजासाठी, हुसकून लावायला नाही. माणसं कुठून कुठे जातात हे आपल्याला शंभर वर्षांनी कुठल्याशा जिनोटाइपवरून शोधायची गरज नाही. बीडचा रस्ता आजच माहीत आहे, तारखेसकट. त्या रस्त्यावर दवाखाना उभा करायचा की नाका, एवढंच ठरवायचं राहिलंय.