विश्लेषण : इलिनॉयमधील टोर्नेडोचा ‘हंगाम’ जूनमध्ये संपतो का?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एप्रिल ते जून हा टोर्नेडोचा हंगाम मानला जातो. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण, दमट हवा आणि वायव्येकडून येणारी थंड, कोरडी हवा या महिन्यांत तिथल्या सपाट प्रदेशावर वारंवार समोरासमोर येते. राज्यातील निम्म्याहून अधिक टोर्नेडो याच तिमाहीत होतात. आकडेवारी म्हणून हे बरोबर आहे. मात्र त्यावर विसंबून जुलैत निर्धास्त होणे जिवावर बेतू शकते.

(टोर्नेडो म्हणजे आपल्या किनाऱ्यावर धडकणारे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून जमिनीवर उतरतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत विरतो.)

तारखा काय सांगतात?

१८ मार्च १९२५ च्या टोर्नेडोने मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांत ६९५ बळी घेतले, त्यातले ६०० हून अधिक इलिनॉयमधले. प्लेनफिल्डमध्ये २९ जण दगावले ते २८ ऑगस्ट १९९० रोजी. वॉशिंग्टन हे इलिनॉयमधील छोटे शहर उद्ध्वस्त झाले १७ नोव्हेंबर २०१३ ला. १९६७ मध्ये बेल्व्हिडेअरला तडाखा बसला तो एप्रिलमध्ये, म्हणजे हंगामातच. पण बाकीच्या तारखा हंगामाबाहेरच्या आहेत.

संख्या वाढली, मग धोकाही?

राज्यात वर्षाला सरासरी ५० च्या आसपास टोर्नेडो होतात. २०२४ मध्ये हा आकडा शंभरच्या बराच पुढे गेला. त्या वर्षी १५ जुलैच्या एकाच रात्री शिकागो परिसरात ३२ टोर्नेडो नोंदले गेले, बहुतेक कमी ताकदीचे. काही दशकांपूर्वी त्यातले अनेक नोंदलेही गेले नसते. आता रडार आहे, ड्रोन आहेत, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. त्यामुळे ‘विक्रमी वर्ष’ या मथळ्याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही.

महत्त्वाचे आहे ते टोर्नेडो कधी येतो आणि कुणाला गाठतो. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि वादळे वेगाने सरकतात. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री एडवर्ड्सव्हिल येथील ॲमेझॉनच्या गोदामाच्या भिंती कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. ठरवून दिलेली आश्रयाची जागा गोदामाच्या उत्तर भागात होती. काही कामगार दक्षिण भागात थांबले होते. मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. त्या घरांना ना पाया, ना तळघर.

म्हणूनच मार्चमधील जनजागृती सप्ताहापेक्षा अशा वस्त्यांजवळ आणि गोदामांत पक्के निवारे बांधणे सक्तीचे करण्याची गरज अधिक आहे. इशारा मिळाल्यावर हाती साधारण दहा मिनिटे उरतात. तळघर असलेल्याला ती पुरतात. मोबाइल होममधल्या कुटुंबाला डिसेंबरच्या रात्री मुलांना उठवून दहा मिनिटांत पोहोचता येईल, इतक्या अंतरावर निवारा लागेल.