चालकाची डुलकी आणि मालकाचा हिशेब

१ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर एक खासगी प्रवासी बस उलटून पेटली. नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या या बसमधील २५ माणसे मृत्युमुखी पडली. टायर फुटला, चालकाला डुलकी लागली, तो मद्य प्यायला होता, अशा एकामागून एक उपपत्ती पुढे वृत्तपत्रांतून झळकत राहिल्या. त्यांतील खरी कोणती याचा निवाडा न्यायासनाने करावयाचा आहे. परंतु या चर्चेत एक साधा प्रश्न मागेच राहिला. रात्रीच्या बसवरील चालक आदल्या दोन दिवसांत किती तास गाडी चालवीत होता आणि किती तास झोपला होता, याची नोंद ठेवण्याचे बंधन कोणावर आहे, आणि ती नोंद तपासतो कोण?

अपघातांचा सरकारी हिशेब चालकापाशी सुरू होतो आणि चालकापाशीच संपतो. २०१६ च्या केंद्रीय अहवालाने ८४ टक्के अपघातांचे खापर चालकाच्या चुकीवर फोडले होते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात होऊन १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिलेले आहे. हे आकडे पोलीस ठाण्यातील नोंदींतून येतात. घटनास्थळी पोहोचलेला हवालदार रस्त्याचे वळण मोजीत नाही, कठड्याची रचना पाहत नाही आणि चालकाच्या मालकाला हजेरीपुस्तक तर मुळीच मागत नाही. चालक समोर असतो, किंवा पळून गेलेला असतो. दोन्ही परिस्थितींत दोषी तोच. अतिवेग हे कारण खोटे आहे असे नव्हे. पण तो वेग कोणाच्या घड्याळाने ठरविला, हा विचार रकान्यात मावत नाही.

मालवाहतुकीचा धंदा ज्याने जवळून पाहिला असेल त्याला हे घड्याळ ठाऊक आहे. चालकाची मिळकत बहुधा खेपेवर ठरते, तासांवर नाही. भाजीपाला, मासळी, पार्सल वेळेत पोहोचले नाही तर भाड्यात कपात होते आणि ती कपात वरून खाली झिरपत शेवटी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसापाशी येते. झोपेत गेलेला प्रत्येक तास त्याच्या दृष्टीने बुडालेली मजुरी असते. उलटपक्षी, दुसरा चालक न नेमल्याने वाचलेला पगार मालकाच्या खात्यात जमा होतो आणि त्या बचतीची किंमत भलताच कोणी चुकती करतो. तो चालक स्वतः असेल, बसमधील प्रवासी असेल किंवा रस्त्याकडेने चाललेला पादचारी असेल. लाभ एकाचा व खर्च समाजाचा, या व्यवहाराचे याहून उघडे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

थकवा ही काही केवळ भावना नव्हे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हालचालींवरील पकड, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी ढिली होते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली प्रयोगाने दाखविले. आपल्या कायद्याने मद्यांशाची मर्यादा ०.०३ टक्के ठरविली आहे. म्हणजे जो मद्याला स्पर्शही करीत नाही असा सज्जन चालक अठराव्या तासाला गाडी हाकीत असेल, तर तो कायद्याने दंडनीय ठरलेल्या माणसाहूनही धोकादायक असू शकतो. मद्य शोधण्याची नळी नाक्यानाक्यावर आहे. झोप शोधण्याची नाही.

कायदा मुळीच नव्हता असेही नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाचे ८ तास व आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. परंतु तो पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता, आणि एकदोन ट्रकांच्या मालकांनी भरलेल्या या धंद्यात त्यामुळे बहुसंख्य चालक उंबरठ्याबाहेरच राहिले. पुढे हा अधिनियम २०२० च्या श्रम संहितेत विलीन झाला. दरम्यान २०१८ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारींवरील दोन चालकांची सक्ती काढून टाकली, आणि त्याच वर्षी मालमोटारींची भारमर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढविली. भार वाढला, माणूस घटला. युरोपीय संघात सलग साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटे थांबावेच लागते आणि गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. तिथल्या मालकांचे दिवाळे त्यामुळे वाजलेले नाही.

आपल्याकडे मात्र उपाय म्हणून तुरुंग पुढे येतो. अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद देणारे कलम न्याय संहितेत आले आणि जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते कलम स्थगित ठेवावे लागले. जखमीला टाकून पळणे निंद्यच आहे, यात शंका नाही. पण जमावाच्या मारहाणीचे भय हेही पळण्याचे एक कारण असते, हे रस्त्यावर दिवस काढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आणि ज्याने त्याला विसाव्या तासालाही गाडीवर बसविले, त्या मालकासाठी तेवढ्या जरबेचे कलम कोठे आहे?

नोंद ठेवणे अशक्य आहे ही सबबही आता टिकणारी नाही. फास्टॅगमुळे कोणते वाहन कोणत्या मिनिटाला कोणत्या टोलनाक्यावरून गेले हे टोलवसुलीसाठी तंतोतंत नोंदले जाते. त्याच नोंदीशेजारी चालकाच्या परवान्याचा क्रमांक लिहिण्याची सक्ती केली, तर नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता एकाच माणसाने न थांबता कापला की नाही, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयातील कारकुनालाही बसल्या जागी कळू शकेल.