माडी भाड्याने द्या, पण कागदावर

कोकणात गणपती-शिमग्यापुरती उघडणारी घरे आहेत आणि त्याच गावांतले शिक्षक, परिचारिका तालुक्याहून एसटीने रोज ये-जा करतात. सागाच्या नाहीतर फणसाच्या फळ्यांची माडी मात्र कुलपात. भाडेकरू फळ्यांची नासाडी करील, ही मालकाची भीती खोटी नाही. लोखंडी खाटेचे पाय ओरखडे काढतात, बादलीने धुतले की सांध्यांत पाणी मुरते. पण बंद घरात एक कौल सरकते, पावसाळाभर ठिबकते, वाशांना वाळवी लागते आणि कळते थेट गणपतीत. ओरखडा रंध्याने निघतो; पोखरलेली तुळई बदलावीच लागते.

दुसरी धास्ती कुळाची. 1948 चा कूळ कायदा मुळात शेतजमिनीचा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातला परवाना तर वापराची मुभा देतो, मालमत्तेत हक्क देत नाही. म्हणून ‘आपलाच माणूस’ म्हणत तोंडी व्यवहार करण्यापेक्षा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा. खाटेखाली रबर, पाणी ओतण्यास मनाई, शाकारणीचा खर्च कोणाचा, हे त्यात लिहावे. सामाईक घरात हिस्सेदारांच्या सह्या मिळवणे ही खरी डोकेदुखी, आणि तिथे वकिलापेक्षा मुंबईतल्या चुलतभावाला केलेला फोनच जास्त कामी येतो.