गॅरेजमधील दोघे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले

तंत्रज्ञानातील नवउद्योगांच्या कथा बहुधा एखाद्या गॅरेजपासून सुरू होतात आणि एक-दोन तेजस्वी तरुणांभोवतीच फिरत राहतात. ॲपलची कथाही तशीच सांगितली जाते. स्टीव्ह जॉब्ज आणि स्टीव्ह वॉझनियाक, एक बोलका व जिद्दी, दुसरा अबोल व अलौकिक बुद्धीचा अभियंता. बाकी सारे जणू आपोआप घडले! वस्तुतः १ एप्रिल १९७६ रोजी कॅलिफोर्नियात जे भागीदारीपत्र झाले, त्यावर तीन सह्या होत्या. तिसरी सही रोनाल्ड वेन यांची होती.

जॉब्ज तेव्हा २१ वर्षांचे, वॉझनियाक २५ वर्षांचे आणि वेन ४१ वर्षांचे होते. दोघा तरुणांचे मतभेद झाले तर निर्णय कोणी द्यावा, या विचाराने त्यांना दहा टक्के हिस्सा देण्यात आला होता. करारनाम्याचा मसुदा त्यांनीच लिहिला, झाडाखाली बसलेल्या न्यूटनचे पहिले बोधचिन्हही त्यांनीच रेखाटले. मात्र अवघ्या बारा दिवसांत ते बाहेर पडले. त्यांच्या वाट्याला ८०० डॉलर आले. त्या हिश्श्याचे आजचे मूल्य मांडून हळहळण्याची वृत्तपत्रांना मोठी हौस आहे. परंतु ज्यांच्या घरी भागीदारीची पेढी चालली आहे, त्यांना वेन यांची भीती समजावून सांगावी लागणार नाही. एका दुकानाने ५० यंत्रांची मागणी नोंदवली होती आणि सुटे भाग तीस दिवसांच्या उधारीवर उचलायचे होते. पैसे बुडाले असते तर धनको ज्याच्याकडे काही आहे त्याच्याच दारी आले असते. दोघा तरुणांकडे काहीच नव्हते. वेन यांच्याकडे थोडेफार होते, आणि पूर्वीच्या एका धंद्यातील अपयशाचा अनुभवही गाठीशी होता.

वडीलधाऱ्याची जागा अशी रिकामीच राहिली. भांडवलाच्या शोधात जॉब्ज यांनी आपले पूर्वीचे मालक, अटारीचे नोलन बुशनेल यांना गळ घातली. त्यांनी पैसे दिले नाहीत, पण डॉन व्हॅलेंटाइन या भांडवलदाराचे नाव सुचवले. व्हॅलेंटाइन यांनीही लगेच हात ढिला केला नाही. बाजारपेठ जाणणारा मनुष्य सोबत असल्याखेरीज ते रक्कम गुंतवण्यास तयार नव्हते. त्यांनी सुचवलेल्या नावांत माइक मार्कुला हे एक होते. या प्रसंगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दोन नकार मिळाले, पण दोन्ही नकारांनी पुढचे दार दाखवले.

मार्कुला इंटेलमध्ये विक्रीविभागात होते आणि तेथील समभागांमुळे तिशीतच निवृत्त होण्याइतके संपन्न झाले होते. ते गॅरेजमध्ये आले, वॉझनियाक यांचे यंत्र त्यांनी पाहिले आणि एकूण अडीच लाख डॉलरचे पाठबळ देऊ केले. काही भाग भांडवल म्हणून, उरलेला कर्जाच्या रूपाने. ३ जानेवारी १९७७ रोजी ॲपलची रीतसर कंपनी झाली. तथापि पैशापेक्षा त्यांची अट महत्त्वाची होती. वॉझनियाक यांनी ह्यूलेट-पॅकार्डमधील नोकरी सोडलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वॉझनियाक यांनी प्रथम नकार दिला. कंपनी काढली म्हणजे माणसांवर अधिकार गाजवावा लागणार, ही त्यांची धास्ती होती. आयुष्यभर अभियंता राहूनही कंपनी उभारता येते, हे एका मित्राने पटवून दिल्यावरच ते राजी झाले.

मार्कुला यांनी कंपनीसाठी एक पानभर तत्त्वे लिहून काढली. ग्राहकाच्या मनाशी समरस व्हावे, बिनमहत्त्वाची कामे टाळून मोजक्याच गोष्टींवर भर द्यावा, आणि वस्तूच्या बाह्यरूपावरून लोक तिच्या गुणाची पारख करतात हे विसरू नये. पुढे ॲपलच्या खोक्यांपासून दुकानांपर्यंत जी टापटीप जगाने पाहिली, तिचे मूळ या शेवटच्या तत्त्वात सापडते. दुसरी गोष्ट अधिक घरगुती आहे. मार्कुला यांनी खातेपुस्तकाचा हिशेब ठेवणारी एक आज्ञावली स्वतः रचली होती. ती ध्वनिफितीवरून यंत्रात उतरवण्यास फार वेळ लागे. त्या त्राग्यातून त्यांनी वॉझनियाक यांना चकतीवर माहिती साठवणारे उपकरण तयार करण्यास सांगितले. १९७८ च्या जानेवारीत ते लास वेगासच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि ॲपल-२ हे यंत्र व्यवसायासाठी उपयोगी ठरले. सल्लागार स्वतःच्या हाताने वस्तू वापरणारा असला की असा लाभ होतो.

कारभार पाहण्यासाठी मार्कुला यांनी नॅशनल सेमीकंडक्टरमधून माइक स्कॉट यांना अध्यक्ष म्हणून आणले. जॉब्ज यांना आवर घालणे हे त्यांचे न लिहिलेले काम होते. कर्मचारी क्रमांक एक वॉझनियाक यांना आणि दोन आपल्याला, एवढ्यावरूनही जॉब्ज यांनी वाद घातला! पुढे १९८१ मध्ये स्कॉट यांनी एकाच दिवशी सुमारे चाळीस माणसांना काढून टाकले, तेव्हा मार्कुला यांनी त्यांनाही पदावरून दूर केले आणि खुर्ची स्वतः सांभाळली. १९८३ मध्ये पेप्सीचे जॉन स्कली यांना ती सोपवून ते मोकळे झाले.

खरी कसोटी १९८५ मध्ये आली. मॅकिंटॉशची विक्री अपेक्षेइतकी होईना, आणि जॉब्ज व स्कली यांच्यात उघड वितुष्ट आले. जॉब्ज मार्कुला यांना पित्यासमान मानत. त्यांनी मोठ्या आशेने मार्कुला यांचे पाठबळ मागितले. मार्कुला यांनी स्कली यांचा पक्ष घेतला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जॉब्ज स्वतः स्थापन केलेल्या कंपनीतून बाहेर पडले. मार्कुला यांचा कौल चुकीचा होता, असे पुढचा इतिहास पाहून म्हणणे सोपे आहे. परंतु सल्लागाराने नाते पाहावे की संस्था, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्यासमोर होता, आणि त्यांनी संस्थेकडे पाहिले. घरच्या व्यवसायात पुतण्या आणि मुनीम यांच्यापैकी एकाची बाजू घेण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना या निर्णयाचे ओझे कळेल.

बारा वर्षांनी चक्र फिरले. १९९७ च्या आर्थिक वर्षात ॲपलचा तोटा एक अब्ज डॉलरहून अधिक झाला आणि जॉब्ज परतले. जुन्या संचालक मंडळातील बहुतेकांना त्यांनी जाण्यास सांगितले. त्यांत मार्कुलाही होते. हा निरोप त्यांनी दुसऱ्याकडून पाठवला नाही. ते स्वतः वुडसाइड येथील मार्कुला यांच्या घरी गेले आणि दोघे उंच रेडवुड वृक्षांच्या सावलीत फिरावयास निघाले. मार्कुला यांनी पद सोडण्याचे शांतपणे मान्य केले. त्यानंतर ज्याला नुकतेच दूर केले, त्यालाच जॉब्ज यांनी विचारले की टिकणारी कंपनी कशी घडवावी. मार्कुला यांनी ह्यूलेट-पॅकार्डचा दाखला दिला. मोजमापाच्या उपकरणांपासून निघालेली ती कंपनी गणकयंत्रांकडे वळली आणि पुढे संगणकांकडे. टिकणाऱ्या कंपनीला असे पुनःपुन्हा नवे रूप घ्यावे लागते, असे त्यांचे सांगणे होते.

नव्या मंडळात बिल कॅम्पबेल आले. कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे हे माजी प्रशिक्षक पुढे सतरा वर्षे ॲपलचे संचालक राहिले आणि जॉब्ज यांच्यासोबत पालो आल्टोच्या रस्त्यांवरून फिरत सल्ला देत राहिले.

२००१ मध्ये आयपॉड आला. ९ जानेवारी २००७ रोजी आयफोन जाहीर झाला, आणि त्याच दिवशी कंपनीच्या नावातून ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढून टाकण्यात आला.