नंदेच्या माहेरी विचारा

उत्तराखंडातलं नंदादेवी शिखर ७,८१६ मीटर उंच. पण तिथल्या लोकांच्या लेखी नंदा म्हणजे गावची लेक, माहेरवाशीण. दर बारा वर्षांनी निघणाऱ्या राजजात यात्रेत तिची सासरी पाठवणी करतात. हे वाचलं आणि इतक्या दूरचा तो डोंगर मला एकदम आपला वाटला.

या शिखराभोवती डोंगरांचं असं कडं आहे की वर चढणं राहू दे, आत शिरायलाच वाट नव्हती. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन हे दोन इंग्रज गिर्यारोहक ऋषिगंगेच्या घळीतून कसेबसे आत पोचले. सोबत आंगथारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा होते. १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल यांनी माथा गाठला. आणि १९८१ मध्ये आपल्या तिघी भारतीय लेकी वर पोचल्या. रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट आणि चंद्रप्रभा ऐतवाल. शाळेच्या पुस्तकात ही नावं का नसावीत?

पुढे मोहिमा वाढल्या. सरपणासाठी झाडं तुटू लागली, कचरा साठला. म्हणून १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८३ मध्ये आतली वाट बंद केली. डोंगराला विसावा मिळाला, हे चांगलंच झालं. पण त्याच फटक्यात पायथ्याच्या गावांची गुरं-मेंढरं चारायची कुरणं गेली, जडीबुटी गेली, हमालीची मिळकतही गेली.

आणि ही गावं कोणती? त्यातलंच एक रैणी! १९७४ साली गावातली पुरुषमंडळी चमोलीला गेलेली असताना गौरादेवी आणि गावच्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना परतवून लावलं, एक झाड तोडू दिलं नाही. जंगलाला त्या माहेर म्हणायच्या. ज्यांनी जंगल राखलं, त्यांनाच जंगलाची वाट बंद! फेब्रुवारी २०२१ मध्ये डोंगराचा कडा बर्फासकट कोसळून ऋषिगंगेला पूर आला, तेव्हा तडाखा बसला तोही याच रैणीला.

शिखर पुन्हा खुलं करावं, अशी चर्चा अधूनमधून निघते. गिर्यारोहकांना काय वाटतं, सरकारला किती पैसा मिळेल, याचा हिशेब होतो. माझं म्हणणं एवढंच, की खुलं करा नाहीतर बंद ठेवा, पण आधी रैणी-लाताच्या बायकांना विचारा. चढणं आणि जपणं यांत वैर नाही. हर्षवंतीताईंनीच पुढे गंगोत्रीच्या वाटेवर भोजपत्राची झाडं लावून जगवली. २०२१ मध्ये त्या भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या.

मैत्रिणींनो, नंदादेवी लांब राहिली. आपल्या गावची टेकडी, तळं, गायरान यांचा निर्णय ग्रामसभेत होतो, त्या दिवशी आपण कुठे असतो? स्वयंपाकघरातच ना? पुढच्या वेळी कुकर जरा उशिरा लावूया!